बदल्यात काय देता?

जुन्या गाड्यांचा नाद पैसेवाल्यांनीच करावा, असा सर्वसाधारण समज आहे. लिलावातल्या रोल्स-रॉइसच्या बातम्या छापून येतात, त्यावरून तो झाला असावा. माझ्या दुकानात येणारी माणसं वेगळी आहेत. निवृत्त मास्तर, यंत्रमागवाले, फौजेतून परतलेले सुभेदार, दवाखाना मुलाच्या हाती सोपवून मोकळे झालेले डॉक्टर. ही माणसं विकत फार कमी घेतात, बदलून घेतात. हेडलाइटची रिंग देऊन हबकॅप घेतात, हबकॅप देऊन कार्बोरेटर मिळवतात आणि क्वचित कधी नुसत्या हातच्या कामावर आख्खी गाडी घरी नेतात. या देवघेवीबद्दल एकदा नीट लिहावं, असं मला फार दिवस वाटत होतं.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरला माझं मशीन शॉप आहे. वडलांनी सुरू केलं, त्यांच्यामागं मी चालवते. पोटापाण्याचं काम पंपाच्या शाफ्टचं आणि साखर कारखान्याच्या सुट्या भागांचं. पण संध्याकाळी शटर अर्धं ओढलं की जुन्या गाड्यांची मंडळी यायला लागतात. कुणाला किंगपिन हवी असते, कुणाला बुश, कुणाला बाजारात कुठंच न मिळणारा बोल्ट. नमुना टेबलावर ठेवतात आणि विचारतात, "ताई, करून द्याल का? बदल्यात काय देऊ?" किती पैसे होतील, हे त्यांच्यातले जुने लोक विचारतच नाहीत.

ही सवय आपल्याकडं पडली त्याला कारण आहे. जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली होती. शेवरोले, ब्यूक अशा गाड्या तिथून देशभर गेल्या. स्वातंत्र्यानंतर सरकारनं धोरण ठरवलं, की ज्यांना इथं गाडी बनवायची आहे त्यांनीच राहावं, नुसती जुळणी करणाऱ्यांनी नाही. १९५४ मध्ये जनरल मोटर्सनं गाशा गुंडाळला, फोर्डही त्याच सुमारास गेली. मागं उरली कुर्ल्याची प्रीमियर, कोलकात्याजवळ उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स आणि मद्रासची स्टँडर्ड. जीपा महिंद्रांकडं. बाहेरून सुटा भाग आणायचा तर परवाना लागे आणि घरच्या गाडीच्या डिस्ट्रिब्यूटरसाठी परवाना कोण देणार? ज्याच्या दारात शेवरोले उभी होती, त्याला तिचा भाग मिळण्याची एकच जागा उरली: दुसऱ्या कुणाची तरी शेवरोले.

त्यात १९७३ नंतर पेट्रोल भडकलं. मोठ्या अमेरिकन गाड्यांत आणि जीपांत लोकांनी डिझेल इंजिनं बसवली. निघालेली पेट्रोल इंजिनं भंगारात गेली, शेतावर गेली, कुणाच्या परसात पावसात पडून राहिली. आज ज्याला गाडी मूळ रूपात आणायची आहे, तो ती इंजिनं शोधत फिरतो. अशा वस्तूला बाजारभाव नसतो. ज्याच्या गाडीत ती नाही त्याला ती लाखमोलाची, बाकी सगळ्यांना किलोवर. मग भाव ठरवायचा कुणी आणि कसा? त्यापेक्षा, तुझ्या गाडीत काय कमी आहे ते सांग, माझ्या गाडीत काय कमी आहे ते मी सांगतो, हे बोलणं सोपं पडतं.

मी पाहिलेल्या अदलाबदलींत मला सगळ्यात जवळची आहे ती एका जीपच्या इंजिनाची.

आधी जीपबद्दल थोडं सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी जीप दोन कंपन्यांनी बनवली, विलीज आणि फोर्ड. आराखडा एकच, भाग एकमेकींत बसणारे, कारण रणांगणावर दोन वेगळे साठे बाळगणं परवडणारं नव्हतं. दोघींनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा काढल्या. त्यांतल्या पुष्कळशा युद्धानंतर भारतात राहिल्या आणि लिलावात निघाल्या. दिसायला सारख्या असल्या, तरी जाणकार खाली वाकून लगेच ओळखतो. चेसिसची पुढची आडवी दांडी विलीजची गोल नळीची असते, फोर्डची पत्रा दाबून केलेली, खालून उघडी. इंजिनाच्या नंबराआधी विलीजवर 'एमबी' असतं आणि फोर्डवर 'जीपीडब्ल्यू'. आणि फोर्डनं आपल्या कितीतरी भागांवर, अगदी बोल्टच्या माथ्यावरसुद्धा, 'एफ' हे अक्षर उठवलेलं आहे.

शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीत घराघरातून माणूस फौजेत गेलेला आहे. तिथल्या एका निवृत्त सुभेदारांकडं अशी फोर्डची जीप होती. पत्रा चांगला, चेसिस सरळ, पण पोटात महिंद्राचं डिझेल इंजिन. सुभेदारांना ते डोळ्यांपुढं नको होतं. "ताई, अंगावर वर्दी आमची आणि आत माणूस दुसराच," असं ते म्हणत. जीपीडब्ल्यू इंजिन कुठं दिसलं तर कळवा, एवढं सांगून ते जात आणि दर खेपेला पुन्हा आठवण करून देत.

ते इंजिन माझ्याकडं बोलण्यातून आलं. प्रयाग चिखलीकडचे एक शेतकरी पंपाचा शाफ्ट करून घ्यायला आले होते. शाफ्ट एवढा का पिळला, म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, "इंजान मोठं हाय न्हवं. चार पिस्टनचं, मिल्ट्रीचं." दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मागोमाग नदीकाठच्या शेडवर गेले. उसाच्या कडेला, पत्र्याखाली, दगडी चौथऱ्यावर जीपचं इंजिन बसवलेलं. त्यांच्या वडलांनी कधीतरी भंगारवाल्याकडून आणलेलं. पेट्रोलवर चालू करायचं आणि गरम झालं की रॉकेलवर टाकायचं. रॉकेलचा कोटा आटत गेला तसं ते परवडेनासं झालं होतं. साठ अश्वशक्तीचं इंजिन पाच अश्वशक्तीचं काम करत होतं. मी वेस्ट रॉकेलमध्ये भिजवून नंबराची जागा पुसली. अक्षरं निघाली: जीपीडब्ल्यू.

सुभेदार निरोप मिळाल्या दिवशीच आले, पैसे बरोबर घेऊन. शेतकऱ्यानं नोटांना हात लावला नाही.

"पैसं घिऊन मी काय करू, सुभेदार? उद्या उसाला पाणी कशानं देऊ? लाइट येतीया रातचं, ती बी आली तर."

"मग काय देऊ, तुम्हीच सांगा."

"पाच हॉर्सचं किर्लोस्कर. चालतं. बसवून. आणि त्यानं पाणी काढलेलं मी बघणार, मगच ह्येचं नट सोडायचं."

पाच अश्वशक्तीचं किर्लोस्करचं डिझेल इंजिन म्हणजे आमच्या भागातलं घरातलं माणूस. तसं एक मला ठाऊक होतं. निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याच्या गोदामात ते जाम होऊन पडलं होतं. आणि त्याच व्यापाऱ्याच्या मुलाची जीप डिझेल इंजिनावाचून उभी होती. आता सगळं जुळलं. निपाणीचं जाम किर्लोस्कर माझ्याकडं आलं. मी ते उघडलं, लायनर आणि रिंग-पिस्टन नवे घातले, क्रँक ग्राइंड करून बेअरिंग बसवली. ते चिखलीला गेलं. चिखलीचं फोर्डचं इंजिन टाकळीला गेलं. टाकळीच्या जीपमधलं डिझेल इंजिन निपाणीला गेलं. तीन इंजिनं हलली आणि मधे फक्त माल वाहणाऱ्या टेंपोचं भाडं पैशात गेलं.

किर्लोस्कर बसवलं त्या दिवशी शेतकऱ्यानं इंजिनाकडं पाहिलंच नाही. ते पाटाच्या टोकाला, शेवटच्या सरीपाशी जाऊन उभे राहिले. पाणी तिथं पोचलं तेव्हा तिथूनच हात वर केला. मग सुभेदारांनी पाना लावला.

निपाणीकरांना मात्र चैन पडेना. व्यापारी माणूस. कुणाच्या इंजिनाची किंमत किती, कुणाला किती फायदा झाला, वरचे किती कुणी कुणाला द्यायचे, असं ते कागदावर मांडायला लागले. सुभेदार म्हणाले, "शेठ, ज्याचं अडलं होतं त्याचं सुटलं. आता बेरीज कसली करताय?" निपाणीकरांनी कागद खिशात घातला. नंतर त्यांनी मला, इंजिनाला लागलेल्या खर्चापोटी म्हणून, गोदामात पडलेला एक जुना तीन जबड्यांचा चक पाठवून दिला. तो आजही माझ्या लेथवर आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला आणि चिखली बुडाली. ते शेडही गेलं पाण्याखाली. पाणी उतरल्यावर शेतकऱ्याचा मला फोन आला आणि मी सुभेदारांना केला. त्यांच्या जीपला ट्रॉली लावून आम्ही ते किर्लोस्कर उद्यमनगरात आणलं. गाळ काढला, पंप आणि नोझल धुऊन बसवलं, पुन्हा चालू करून दिलं. कुणी कुणाकडं काही मागितलं नाही. पैसे मोजून दिले की व्यवहार तिथं तुटतो. बदलून घेतलेल्या वस्तूचा व्यवहार मात्र चालूच राहतो, कारण माझी वस्तू तुझ्याकडं आहे आणि तुझी माझ्याकडं. मला या सगळ्या नादात हे फार मोलाचं वाटतं.

माझ्या मजुरीपोटी सुभेदारांनी काय दिलं? लष्करी लिलावातून त्यांच्याकडं आलेली, व्हिटवर्थ आटे पाडायच्या टॅप-डायची एक पेटी. ती पाहून मला किती आनंद झाला, ते समजायला आट्यांची गोष्ट सांगावी लागेल. जुन्या गाड्यांत कोणता भाग कुणाशी बदलता येईल, हे बहुतेक वेळा आटे ठरवतात. इंग्रजी गाड्यांत व्हिटवर्थ आणि बीएसएफ आटे. अमेरिकन गाड्यांचे आटेही इंचातलेच, पण कोन वेगळा, त्यामुळं इंग्रजी नट अमेरिकन बोल्टवर धड बसत नाही. फियाटचं सगळं मिलिमीटरमध्ये. तिन्ही घरं आमच्याकडं रस्त्यावर एकत्र नांदली आणि मिस्त्रींच्या डब्यात बोल्ट एकत्र झाले. आज दिसणारे निम्मे खराब झालेले आटे त्या डब्यांतून आलेत.

सगळ्यात चकवणारं प्रकरण मॉरिसचं. १९२३ मध्ये मॉरिसनं कोव्हेंट्रीचा हॉचकिस इंजिन कारखाना विकत घेतला. मूळ फ्रेंच कंपनी, तिथली यंत्रं मेट्रिक. ती बदलायचा खर्च टाळण्यासाठी मॉरिसनं इंजिनाचे आटे मेट्रिकच ठेवले, पण इंग्लंडमधल्या मिस्त्रींच्या हातात व्हिटवर्थचे पाने होते, म्हणून बोल्टचे माथे व्हिटवर्थ मापाचे केले. अंग फ्रेंच, डोकं इंग्रजी. बाहेरून पाहणारा म्हणतो व्हिटवर्थ आणि सरळ बीएसएफ बोल्ट लावतो. आठ मिलिमीटर आणि पाच सोळांश इंच यांत केसाचा फरक. बोल्ट दोन आटे सुखानं जातो, पण एकाचा पिच, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, एक मिलिमीटर आणि दुसऱ्याचा जवळजवळ १.१५, त्यामुळं तिसऱ्या आट्याला अडतो. पान्यावर जोर दिला की ब्लॉकमधले आटे उडाले.

पुण्याचे एक इंजिनिअर आपल्या एमजी टीसीचा असाच घायाळ झालेला ब्लॉक घेऊन माझ्याकडं आले. ही १९४५ नंतरची दोन माणसांची उघडी गाडी. तिचं १,२५० सीसी इंजिन मॉरिस टेनच्या १,१४० सीसी इंजिनापासून वाढवलेलं. दोघांचा स्ट्रोक ९० मिलिमीटर, फरक बोअरचा. आणि मॉरिस टेन म्हणजे आपली 'हिंदुस्थान टेन', हिंदुस्थान मोटर्सच्या सुरुवातीच्या काळातली गाडी. मी त्यांना सांगितलं, की आटे मी बुश घालून दुरुस्त करते, पण मूळचे बोल्ट हवे असतील तर इचलकरंजीला जा.

इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्या अण्णांकडं हिंदुस्थान टेन होती आणि दुसऱ्या एका मोडलेल्या टेनचं सामान डब्यांत भरून ठेवलेलं होतं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मूळ बोल्ट, तेलात बुडवलेले. इंजिनिअर साहेबांना वाटलं, डबाभर बोल्ट, काय मागतील? अण्णांनी डबा झाकला आणि विचारलं, "तुमच्याकडं हात आहेत का?" हात म्हणजे ट्रॅफिकेटर. जुन्या इंग्रजी गाड्यांत वळताना दारामागच्या खांबातून एक छोटा पिवळा हात बाहेर यायचा, आतून दिवा लागलेला. लुकास कंपनीचे. अण्णांच्या टेनमध्ये दोन्ही खाचा रिकाम्या होत्या. इंजिनिअरांच्या पुण्यातल्या माळ्यावर अशी जोडी होती, त्यांच्या एमजीच्या काही कामाची नव्हती. तो डबा आणि ते दोन हात यांची अदलाबदल माझ्या दुकानातच झाली, लेथच्या बेडवर कागद पसरून. भंगारात डब्याचे चहापुरते पैसे आले असते. पण त्या दिवशी दोघांचेही चेहरे पाहण्यासारखे झाले होते.

सुभेदारांच्या जीपवरचे विलीजचे बोल्ट आणि बेळगावच्या एका विलीजवरचे 'एफ' बोल्टसुद्धा असेच एकमेकांकडं गेले. त्यात सांगण्यासारखी घासाघीस झाली नाही. दोघांनी आपापले काढले, मोजले, दिले.

घासाघीस बघायची तर ती मी मिरजेत पाहिली.

एका दिवंगत मास्तरांची स्टँडर्ड हेरल्ड त्यांच्या पत्नीकडं होती. मार्क थ्री, चार दारांची. हेरल्ड मूळची इंग्लंडची, ट्रायम्फची, पण तिकडं ती कायम दोनच दारांची राहिली. चार दारं मद्रासला बसली, आपल्या कुटुंबांचा आकार बघून. मला ती गाडी फार आवडते. पुढचं सगळं बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला कलतं आणि इंजिनाशेजारी चाकावर बसून काम करता येतं. जागेवर इतकी वळते की कोल्हापूरच्या गल्लीत एका दमात फिरवता येते. मी काकूंना भेटायला गेले. त्यांनी चहा दिला, गाडी दाखवली आणि स्पष्ट सांगितलं, की पैसे घेऊन विचारायला पुष्कळ जण येऊन गेलेत.

"मग दिली का नाही?"

"पैसे पोरं नेतील. जिना कोण नेतंय?"

त्यांना गच्चीवर जायला लोखंडी जिना हवा होता. शिवाय मागच्या दोन खिडक्यांना जाळ्या आणि फाटकाला नवी बिजागरी. सगळं त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं, मापांसकट. पायरी सहा इंचांपेक्षा उंच नको, गुडघे दुखतात. कठडा दोन्ही बाजूंनी. आधी रेड ऑक्साइड, मग रंग. मी म्हटलं, जाळ्या साध्या चालतील का, तर म्हणाल्या, "गाडी साधी चालेल का तुला? चार चाकांऐवजी तीन?" माझ्या शेजारच्या शेडमध्ये फॅब्रिकेशन करणारे आहेत. त्यांची लेथची कामं मी करून द्यायची आणि त्यांनी काकूंचा जिना करायचा, असं ठरलं. काकूंनी स्टँपपेपरवर लिहून घेतलं: आधी जिना, मग गाडी. जिना लागला तेव्हा त्यांनी प्रत्येक पायरीवर उभं राहून पाहिलं आणि एका ठिकाणी वेल्डिंगचे मणी राहिले होते ते ग्राइंडरनं काढायला लावले. मी आजवर पाहिलेल्या सगळ्या सौद्यांत यापेक्षा चोख सौदा दुसरा नाही.

गाडी रस्त्यावर आल्यावर मी ती त्यांच्या दारात नेली. त्यांनी माझ्याकडून किल्ली घेतली, स्वतः चालवत सांगलीला गणपतीला जाऊन आल्या आणि क्लच जड झालाय, तो बघ म्हणाल्या. तोही बरोबर निघाला.

हेरल्ड घेणाऱ्यांना एक गोष्ट सांगून ठेवते. पुढच्या चाकाचा उभा दांडा खाली एका पितळी ट्रनियनमध्ये आट्यांवर फिरतो. कंपनीच्या पुस्तकात तिथं तेल घालायला सांगितलंय. आपल्याकडं सर्रास ग्रीस भरतात. ते आट्यांपर्यंत पोचत नाही, आटे झिजतात आणि एक दिवस चाक निखळतं. डावा आणि उजवा ट्रनियन वेगळा असतो, आटे उलटे. अदलाबदलीत मिळाला म्हणून एका बाजूचा दुसऱ्या बाजूला बसवू नका. हा भाग इंग्लंडमध्ये अजून नवा बनतो, कारण त्याच घराण्यातल्या स्पिटफायरलाही तो लागतो.

या देवघेवीचे काही रिवाज आहेत. आमच्याकडच्या बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतात, शेजाऱ्याला कळू नये म्हणून. इथं उलटं, सगळं तोंडानं आणि सगळ्यांसमोर. आधी समोरच्याची गाडी बघायची. ती न बघता भाग मागणं वाईट समजतात. इसार म्हणून पैसे देत नाहीत, आपली एखादी वस्तू ठेवून जातात. भागात खोट असेल तर देण्याआधी सांगायची, वेल्ड केलेली चीर रंगाखाली दडवायची नाही. आणि सगळ्यात मोठा नियम: चालू होऊ शकणारी गाडी भागांसाठी कापायची नाही.

हा नियम हल्ली मोडतो, याचा मला संताप येतो. हॉटेलच्या भिंतीवर लावायला डुक्कर फियाटचं तोंड हवं असतं, म्हणून गाडी कापतात. पन्नाशीच्या दशकातली ती गोल पाठीची फियाट ११००, जिची पुढची दारं उलटी उघडतात. तिचं ग्रिल भिंतीवर गेलं की ते या फेऱ्यातून कायमचं बाद. भिंत काही बदल्यात देत नाही. पद्मिनीचंही तेच होईल, अशी भीती आहे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. इतकी वर्षं तिचे भाग कुर्ल्यात ढिगानं मिळत होते, म्हणून कुणी जपले नाहीत. ज्यांच्याकडं आहेत त्यांनी आता तरी ते किलोवर घालू नयेत.

कायद्यानंही मूळ भागांचं मोल वाढवलंय. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या आणि धंद्यासाठी न वापरल्या जाणाऱ्या दुचाकी-चारचाकींना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. नवीन नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला पाच हजार. गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर आणायची, रोजच्या वापराला नाही. मुख्य अट अशी, की चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. मग डिझेल इंजिनवाल्या गाडीला मूळ इंजिन शोधणं आलंच. अदलाबदल केली तरी कागद विसरू नका. आख्खी गाडी बदलली तर फॉर्म २९ आणि ३० भरावे लागतात, इंजिन बदललं तर आरसी बुकात तशी नोंद. दोन मित्रांतला तोंडी व्यवहार वारसांपर्यंत पोचला की भांडण होतं. काकूंचा स्टँपपेपर मी सगळ्यांना उदाहरण म्हणून सांगते.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावी १९५५ पासून दर शरदात जुन्या भागांचा बाजार भरतो, इंग्लंडमध्ये ब्यूलीला १९६७ पासून. हजारो माणसं मैदानात पथारी पसरून बसतात. आपल्याकडं पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मुंबईत चोर बाजार आहे, पण तिथं गाडीचा भाग शोधायला आधी पन्नास इतर वस्तू उचलाव्या लागतात. कोल्हापुरात दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा तिच्याभोवती लोटणारी गर्दी मी लहानपणापासून पाहते आहे. गाड्यांवर एवढा जीव असलेल्या गावात वर्षातून एक दिवस, एका मैदानात, फक्त अदलाबदलीचा बाजार भरायला काय हरकत आहे? रोख पैसे घरी ठेवून यायचं, एवढीच अट.

भरला तर माझ्या पथारीवर काय असेल, ते आत्ताच सांगते. डुक्कर फियाटच्या किंगपिनचे दोन संच, मी स्वतः केलेले. हिंदुस्थान टेनच्या इंजिनाचे नवे बोल्ट, मेट्रिक आट्यांचे आणि व्हिटवर्थ माथ्यांचे. लुकासचा एक डायनॅमो, आर्मेचर नव्यानं गुंडाळलेलं. विलीजची एक स्टिअरिंग बॉक्स, तिच्यात किंचित खेळ आहे, तो दाखवून देईन. आणि मला हवी आहे हेरल्ड मार्क थ्रीच्या मागच्या डाव्या दाराची काच. ती इंग्लंडहून येणार नाही, तिकडं ते दारच नव्हतं. कुणाच्या गोठ्यात, माळ्यावर, भंगाराच्या ढिगात असेल, तर उद्यमनगरात या आणि येताना तुमच्या गाडीत काय कमी आहे ते लिहून आणा.